उजव्या मॅग्नेटोची तार

मला स्वस्थ बसता येत नाही, हा माझा जुना रोग. पस्तीस वर्षं सरकारी बसच्या वर्कशॉपात वायरिंग केलं तेव्हा तो खपून गेला. एका बसखालून निघालं की दुसरीखाली शिरायचं. निवृत्त झालो आणि हुडकेश्वरच्या घरात पंधरा दिवसांत तीनही पंखे, मिक्सर, शेजाऱ्यांची दारावरची घंटा आणि शेवटी चांगला चालणारा गिझर उघडून ठेवला. गिझर पुन्हा जुळला, पण तेव्हापासून तो मधूनच चटका देतो अशी बायकोची तक्रार आहे. तिनेच मग कुठून तरी ऐकून सांगितलं, की आपली वस्ती संपते आणि शेतं सुरू होतात तिथे कोण्या संत्र्याच्या व्यापाऱ्याने जुन्या गाड्यांचं म्युझियम काढलं आहे आणि त्याला वायरिंगचा माणूस हवा आहे. "जा, तिथं उघडा काय उघडायचं ते," असं म्हणून तिने मला घराबाहेर काढलं.

मालकांचं घराणं काटोलचं. त्यांच्या वडिलांनी संत्र्यांची प्रतवारी करायला ही लांबलचक शेड बांधली होती. धंदा आवरला आणि शेडमध्ये गाड्या आल्या. पितळी भोंग्याची उघडी मोटार, पायरी असलेली काळी मोटार, साइडकारची मोटरसायकल, लष्करातून आलेली जीप, अशा मिळून बारा. आणि शेडच्या टोकाला एक पिवळं, कापडी पंखांचं, दोन माणसांचं विमान. ते उडत नाही, पण मागच्या मैदानात स्वतःच्या इंजिनावर पळतं. दारावरच मोठी पाटी आहे: इथलं प्रत्येक यंत्र चालतं. मालकांना या पाटीचा फार अभिमान. तीन रविवार एखादी गाडी चालू झाली नाही, तर ते तिला मागच्या पडवीत ढकलायला लावतात आणि तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

विमान काकाजींकडे होतं. काकाजी म्हणजे पंचाहत्तरीचा, काटकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस. तरुणपणापासून त्यांनी विमानांच्या हँगरातच नोकरी केली होती आणि विमानाच्या नाकावरचा लाकडी पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका रविवारी विमान चालू करायचं आणि पुढच्या रविवारी नुसता पंखा हाताने आठ वेळा फिरवायचा, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं, अशी त्यांची रीत होती. पात्याला हात लावण्याआधी मोठ्याने विचारायचं, "स्विच बंद?" आत बसलेल्याने स्विच बघून म्हणायचं, "बंद." आत कोणी नसलं तर काकाजी स्वतः जाऊन बघून येत, पंख्यासमोर उभे राहून स्वतःच विचारत आणि स्वतःच उत्तर देत. मला पहिल्यांदा हसूच आलं होतं. मी हसलो तरी ते रागावले नाहीत; म्हणाले, ज्या दिवशी विचारायचं सोडलं त्या दिवशी हात जाते.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला इंजिनाजवळ नेलं आणि दोन काळे डबे दाखवले. हे मॅग्नेटो, इंजिनाला ठिणगी देणारे. यांच्या तारांना मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं आणि पुढे बरंच काही सांगितलं. मी अर्ध्या कानाने ऐकलं. पस्तीस वर्षं तारांमध्ये घालवलेल्या माणसाला तार शिकवतात म्हणजे काय, असं मनात म्हणत मी मान डोलावत राहिलो. माझ्या नाकावर राग असतो हे घरचे सांगतात ते खोटं नाही.

आता घडलं ते सांगतो. एका शनिवारी संध्याकाळी मालकांचे पाहुणे आले. काकाजींनी त्यांच्यासाठी विमान चालवून दाखवलं आणि सुनेला बाजारात न्यायचं म्हणून ते लवकर निघाले. पाहुणे गेल्यावर मी सवयीने इंजिनाचं झाकण उघडलं. उजव्या मॅग्नेटोकडे स्विचवरून येणाऱ्या तारेचं आवरण तडकलं होतं, आणि तिच्या टोकाचं पितळी थिंबल, म्हणजे तार स्क्रूखाली आवळायची कडी, दोन केसांएवढ्या तारांवर लोंबत होतं. असं काही दिसलं की मला दात दुखल्यासारखं होतं. मी तार काढली, टोकाला टेप गुंडाळली आणि आत सारून ठेवली. सोमवारी सीताबर्डीच्या बाजारातून नवं थिंबल आणू, असा विचार केला. दुसऱ्या दिवशी नुसता पंखाच फिरवायचा होता. तार काढलेली, म्हणजे उलट जास्तच सुरक्षित, असंही मनात आलं. बसमध्ये आम्ही तेच करायचो. बॅटरीची तार काढली की बस मेली, मग खुशाल आत हात घाला.

काकाजींना फोन करावा असं एकदा वाटलं होतं. पण फोन केला असता तर भाषण ऐकावं लागलं असतं.

रविवारी सकाळी शेडमध्ये वीस-पंचवीस माणसं होती. मी काळ्या मोटारीच्या दिव्यात डोकं घालून बसलो होतो. पलीकडे काकाजी विमानात वाकून बघून आले ते मला दिसलं. मग त्यांचा आवाज ऐकू आला. "स्विच बंद?" आणि लगेच, त्याच आवाजात, "बंद." त्यानंतर फाट्कन आवाज झाला. पंखा एकदाच उसळला आणि थांबला, आणि काकाजी डावा हात पोटाशी धरून खाली बसले. उभं राहायची त्यांची रीत, एक पाय मागे आणि ओढतानाच अंग बाहेर, तिच्यामुळे मनगट वाचलं. दोन बोटं मोडली.

मालक दुसऱ्या टोकाला होते. तिथूनच ते ओरडले, की स्विच बंद करा. मी सगळ्यांत जवळ होतो. धावलो, विमानात हात घातला, स्विचवर बोटं ठेवली. स्विच बंदच होता. माझी बोटं त्यावर तशीच राहिली आणि तेवढ्यात सगळे जवळ आले. सगळ्यांनी माझा हात स्विचवर पाहिला. मालकांनी धापा टाकत विचारलं, "चालू राहिला होता ना?" मी मान हलवली. कशी हलवली ते मला आजही सांगता येणार नाही, पण त्यांना हवी तशी ती दिसली.

तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं, एवढं माझ्या बाजूने खरं आहे. स्विच बंद असताना इंजिनाने उसळी कशी मारली, हेच डोक्यात गरगरत होतं. मालकांच्या गाडीतून आम्ही काकाजींना दवाखान्यात नेलं. ते कण्हत नव्हते. रस्त्यात त्यांनी मला विचारलं, "तू पाह्यलं गा? चालू होता?" मी म्हणालो, "होते काकाजी कधी कधी." यावर त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं.

संध्याकाळी घरी मोरीत हाताचं ग्रीस काढत होतो तेव्हा पहिल्या आठवड्यातलं त्यांचं बोलणं माझ्या दुसऱ्या अर्ध्या कानात शिरलं. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. इंजिन फिरलं की तो आपली वीज आपणच करतो. स्विचवरून त्याला जाणारी तार ठिणगी द्यायला नसते, ठिणगी थांबवायला असते. ती तार काढली की स्विच नुसता नावाला उरतो. बंद करा की चालू करा, मॅग्नेटो जागाच. आदल्या संध्याकाळी चाललेल्या इंजिनात पेट्रोलची वाफ उरली होती आणि मी तिच्यासमोर ठिणगी मोकळी सोडली होती. साबण हातातून गळून पडला. बायकोने आतून विचारलं काय झालं, तर काही नाही म्हणालो.

सोमवारी म्युझियम बंद असतं. दुकानं उघडायच्या वेळेला मी मेट्रोने सीताबर्डीला पोचलो होतो. व्हरायटी चौकामागच्या गल्लीतून थिंबल आणि हातभर तार घेतली, परत आलो, माझ्याकडच्या किल्लीने शेड उघडली आणि तार बसवली. दहा मिनिटांचं काम. इतकं साफ काम मी आयुष्यात केलं नसेल, आणि इतकं घाणही. जुनी तार खिशात घालून घरी आणली आणि स्क्रूच्या डब्यात तळाशी टाकली.

मालक वाईट माणूस नाहीत. त्यांनी दवाखान्याचं सगळं पाहिलं आणि काकाजींना सांगितलं, की आता वय झालं, विमानाला हात लावू नका, तिकिटाच्या खिडकीशी बसा. काकाजींनी वाद घातला नाही. मला वाटलं होतं ते चिडतील, मला भांडायला तरी लावतील. ते प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून खिडकीशी बसले आणि उजव्या हाताने तिकिटं फाडू लागले. विमान तसंच उभं राहिलं. पंख्याला हात लावायला कोणी तयार होईना. पुढच्या दोन्ही रविवारी इतर इंजिनं चालू व्हायची तेव्हा ते शेडकडे पाठ करून बसायचे.

मी मूग गिळून बसलो. बसलो म्हणजे बसलो नाहीच. पायाला भिंगरी लागल्यासारखा शेडच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फिरत राहिलो. चांगले दिवे काढून पुसले. जीपचं सगळं वायरिंग नव्याने ओढलं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. उद्या सांगू, असं रोज सकाळी स्कूटरला किक मारताना ठरवायचो, आणि तिकिटाच्या खिडकीपुढून जाताना माझा धीर जायचा. पोटापाण्यासाठी मला ही नोकरी नको होती. पण हे गेलं तर पुन्हा ते घर, ते तीन पंखे आणि दिवसभर घड्याळाकडे बघणं. त्याहून जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. या माणसाला तारेतलं कळत नाही, असं कोणी म्हणणं मला सोसणारं नव्हतं. लाज वाटते, पण तेच खरं कारण होतं.

घरीही चैन पडेना. एकदा जेवता जेवता उठून मी गच्चीवर जाऊन आलो, तेव्हा बायको म्हणाली, "काहून असे फिरून राहिले? पोटात काही आहे तं सांगून टाका." मी तिच्यावरच खेकसलो.

एका दुपारी काकाजी चहाला उठले होते. त्यांच्या टेबलावर एक छोटी वही उघडी होती. मी वाचायला नको होती, वाचली. गॅस बंद केला. नळ बंद केला. दार लावलं. तिकिटाचा गल्ला लावला. एकेका ओळीपुढे बरोबरची खूण, काही ठिकाणी दोनदा. अक्षर सुरेख, शाळेतल्या गुरुजींसारखं. मी वही होती तशी ठेवून बाहेर गेलो आणि मैदानाला चार चकरा मारल्या. मोडलेली बोटं महिन्याभरात जुळतात हे मी स्वतःला रोज सांगत होतो. हे दुसरं काही तरी मोडत होतं आणि ते कशाने मोडत होतं ते मला एकट्याला माहीत होतं.

तिसऱ्या रविवारनंतर काकाजींची सून म्युझियमवर आली. बाई शिक्षिका आहे, बोलायला सरळ. म्हणाली, बाबा हल्ली अर्ध्या रस्त्यातून परत येऊन कुलूप ओढून बघतात, स्वयंपाकघरात जायला घाबरतात. विसरण्याच्या आजाराची तपासणी करून घ्यायची आहे, वेळ घेतली आहे. डॉक्टर विचारतील, त्या दिवशी काय झालं. "तुम्हीच चाला भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही डोळ्यानं पाह्यलं."

मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार होतो?

दवाखाना धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर. बाकावर काकाजी मधे, एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला मी. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि वही खिशात होती. आमच्या पुढे चार नंबर होते. मी उठून पाणी प्यायलो. पुन्हा उठून पंख्याचा रेग्युलेटर बघितला. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा काकाजींनी उजव्या हाताने माझी बाही धरून मला खाली बसवलं. म्हणाले, "बस न गा. तपासणी माझी आहे." आणि माझ्याकडे बघून ते चक्क हसले, मला धीर द्यायला.

त्या हसण्याने मी फुटलो. सांगितलं. स्विच बंद होता. शनिवारी तार मी काढली होती. तुमचं विचारणं आणि उत्तर देणं दोन्ही मी कानांनी ऐकलं होतं. सोमवारी तार लावून टाकली. सगळं एका दमात, जमिनीकडे बघत. समोरच्या बाकावरची माणसं ऐकत होती. ऐकू देत, असं वाटलं.

काकाजींनी विचारलं, "कोणता मॅग्नेटो?"

"उजवा."

"टोकाले टेप लावली होती?"

"हो."

त्यांनी मान हलवली, जणू एखादं गणित सुटलं. खिशातून वही काढली, बघितली, आणि सुनेच्या हातात दिली. मग ते माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता. "बोटं मोडले त्याचं काही नाही. या धंद्यात मोडतेत. पण मले हात आठवत होता माझा, स्विचवर. रोज आठवत होता. अन् मी त्याले खोटं म्हणून राहिलो होतो, काहून की तू पाह्यलं म्हणत होता." वहीकडे बोट दाखवून म्हणाले, "वीस दिवस तू मले येडं होऊ देलं."

ते उठले आणि जिन्याकडे निघाले. सून त्यांच्यामागे गेली. जाताना तिने माझ्याकडे एकदा बघितलं, ते मी विसरलेलो नाही. आमचा नंबर पुकारला गेला तेव्हा बाकावर मी एकटाच होतो.

तिथून आधी घरी गेलो, स्क्रूच्या डब्यातून जुनी तार काढली आणि तशीच मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी ऐकून घेतलं. मग दहा-पंधरा मिनिटं मला उभं-आडवं झापलं, आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. काकाजींकडे ते त्याच दिवशी गेले आणि विमान परत त्यांच्या ताब्यात दिलं, हे मला नंतर कळलं.

मी घरी होतो. महिनाभर. या वेळी काही उघडलं नाही. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती फार बोलली नाही. "तोंड दाखवायले तरी जाऊन या त्यायच्या घरी," एवढंच म्हणाली. गेलो. समोरच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लागलेली, काकाजी खुर्चीत, हातात रबरी चेंडू दाबत होते. चहा आला. ते चेंडू दाबत राहिले, मी कपाकडे बघत राहिलो, चहा संपला आणि मी उठलो. या म्हणाले नाहीत, येऊ नका असंही म्हणाले नाहीत.

मग एका शुक्रवारी मालकांचा फोन आला. आवाजात अजून राग होता. प्लास्टर निघालं होतं, पण काकाजींच्या बोटांची पकड आली नव्हती. पंखा ओढता येत नव्हता. विमान पडवीत ढकलायची वेळ केव्हाच उलटून गेली होती, काकाजींसाठी म्हणून मालकांनी ती लांबवली होती. दुसरा माणूस बघतो, असं मालक म्हणाले तेव्हा काकाजींनीच माझं नाव घेतलं होतं. ती तार आता हा मरेपर्यंत विसरणार नाही, नवा माणूस मला कशाला, असं त्यांचं म्हणणं. मालकांना ते पटलं नव्हतं, पण विमान काकाजींच्या ताब्यात होतं.

रविवारी मी वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो. काकाजी आधीच आले होते. इंजिनाचं झाकण उघडून त्यांनी दोन्ही मॅग्नेटोच्या तारा हाताने चाचपून बघितल्या, माझं थिंबल ओढून बघितलं, झाकण लावलं. मग हळूहळू, उजव्या हाताने धरत, ते विमानात चढून बसले आणि समोर बोट दाखवलं. मी पंख्यापुढे जाऊन उभा राहिलो. एक पाय मागे. माणसं दोरीपलीकडे गोळा झाली होती.

लाकडी पातं छातीएवढ्या उंचीवर होतं. त्याच्या कडेला पितळेची पट्टी आहे. इतक्या जवळून मी ती कधी बघितली नव्हती. काचेमागे काकाजींचं डोकं दिसत होतं, स्विच दिसत नव्हता. तिथून तो कोणालाच दिसत नाही. पंख्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाकडे आतून आलेला एक शब्द असतो, बाकी काही नाही.

"स्विच बंद?" मी विचारलं.

"बंद."

माझे हात वर जाईनात. दोरीपलीकडे कोणी तरी खोकलं. मी पात्याकडे बघत होतो, त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती. बसवलेली तार मीच बसवली होती, ती नीट होती, हे मला ठाऊक होतं, तरी जाईनात. काकाजींनी घाई केली नाही. थोड्या वेळाने काचेच्या बाजूने डोकं बाहेर काढून ते पुन्हा बोलले, या वेळी फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात.

"बंद आहे गा. मी पाह्यलं."

मी दोन्ही हात पात्यावर ठेवले.